हिरव्या चोचीचा पोपट

रेडिओकाकांनी शेवटचा रेडिओ उघडला त्याला जमाना झाला. पण गल्लीनं चिकटवलेलं नाव काही निघालं नाही. आता दिव्यांच्या माळा जोडून पोट भरणाऱ्या या माणसाला लोक अजून रेडिओकाकाच म्हणतात, आणि ओघानंच त्यांची बायको रेडिओकाकू. काकूंना ते नाव कधी पटलं नाही. मी काय सारखी बडबडते का, असं विचारायच्या आणि त्याच विषयावर तासभर बोलायच्या. अर्थात ही झटका येण्याआधीची गोष्ट.

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथल्या लोकांना घरं सजवायचं वेड लागतं. तयार माळ आणून खिडकीवर टाकली तर शेजाऱ्यासमोर मान खाली जाते म्हणे. ज्याला त्याला भिंतीवर पळणारी हरणं हवीत, उमलून मिटणारी फुलं हवीत, गाण्याच्या ठेक्यावर लवलवणारं छप्पर हवं. असले खेळ साध्या दिव्यांना जमत नाहीत. त्यांना पिक्सेलचे दिवे लागतात, आणि पिक्सेलचे दिवे म्हणजे एकेक नमुना. बोराएवढा दिवा, पण त्याच्या पोटात स्वतःचं डोकं. माळेतून तीन तारा जातात, दोन विजेच्या आणि एक निरोपाची. पहिला दिवा निरोपातला आपला वाटा काढून घेतो, उरलेला पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. मधला एक रुसला की त्याच्यापुढची सगळी रांग अंधारात. मग रुसलेला शोधा, कापा, दुसरा जोडा, कथलाचा डाख द्या, रबरी नळी चढवा, पुन्हा बघा. त्यात एखाद्या हौशी गिऱ्हाइकानं घरीच माळ उलटी जोडून आणली असली तर काका कपाळाला हात लावून नुसते बसून राहायचे.

यंदा तर ते फारच थकले होते. मान धरलेली, डाखाच्या धुरानं डोळे चुरचुरलेले, बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर की चहा गार आहे की गरम ते ओठांना लावल्यावरच कळायचं. सकाळी काकूंना उठवायचं, उजवा हात बाहीत घालून द्यायचा, भरवायचं नाही पण शेजारी बसायचं, मग खोलीचे पडदे ओढून टेबलाशी वाकायचं. संध्याकाळी कंबर सरळ करताना तोंडातून जो आवाज यायचा, तो जुन्या रेडिओची सुई फिरवताना यायचा तसा होता.

एवढं असूनही काम सोडायचं नाव नव्हतं, आणि त्याचं कारण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलेलं असायचं. ते कारण कळायला काकांचं गुपित सांगायला हवं. रेडिओकाकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासून कळत नाही.

तरुणपणी वायरमनच्या नोकरीला गेले तेव्हा डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं एक चित्र समोर धरलं आणि त्यातला आकडा वाचायला सांगितला. काकांना ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. त्यांना वाटलं, डॉक्टर चेष्टा करतोय. नोकरी गेली ती गेलीच, वर बाहेर बसलेल्या उमेदवारांत हसं झालं. ते हसणं काकांच्या इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी पुढे कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. रेडिओच्या कामात बारक्या तुकड्यांवर रंगीत पट्टे असतात, ते पट्टे वाचून कुठला तुकडा कुठं लावायचा ते ठरतं. काका पट्टे न वाचता प्रत्येक तुकडा मीटरला लावून मोजत बसायचे. लोकांना वाटायचं, केवढा काटेकोर माणूस.

लग्नानंतर हे नाटक फार चाललं नाही. एकदा काकू बाहेर निघाल्या तेव्हा काकांनी घे तुझी हिरवी छत्री म्हणत ती प्रेमानं आणून दिली. छत्री लालभडक होती. काकूंनी एकदा छत्रीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि तीच छत्री घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन त्या दुकानातल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. शेंगा सोलता सोलता काकांच्या हातातल्या तुकड्याकडे मान वाकडी करून म्हणाल्या, "तपकिरी, काळा, लाल." तेव्हापासून त्या खुर्चीवर त्याच. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही गेले, दिवे आले. काकांनी जोडायचं आणि काकूंनी रंग सांगायचे. कुणी विचारलंच, तर म्हणायच्या की यांना एकट्याला करमत नाही. पोटच्या मुलीलाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

दिव्यांच्या कामात तर काकूंवाचून पान हलत नव्हतं. कारण या माळांची आणखी एक खोड असते. काही माळांना आधी लाल समजतो, मग हिरवा. काहींना उलट. तुम्ही लाल पाठवावा आणि तिनं हिरवं होऊन दाखवावं. लॅपटॉपवर तेवढा एक क्रम बदलला की माळ सुतासारखी सरळ येते, पण उलटी आहे हे आधी कुणीतरी बघून सांगायला हवं. निळा काकांना स्वतःला दिसायचा, पांढराही दिसायचा. घोळ या दोघांचाच. काका बटण दाबायचे, काकू रंग म्हणायच्या, काका माळेच्या डबीवर तशी चिठ्ठी लावायचे.

मग झटका आला. उजवा हात आणि पाय हळूहळू थोडे परतले, बोलणंही परतलं, पण शब्दांची जागा बदलून परतलं. चमचा हवा असला की किल्ली म्हणायच्या, उशी हवी असली की मंगळवार. आपण चुकीचं बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळायचं आणि मग त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एवढ्या बोलक्या बाईला असं मूग गिळून बसलेलं बघणं काकांना सोसायचं नाही. इस्पितळात असताना मात्र एकदा, उशाशी लावलेल्या यंत्रावरच्या दिव्याकडे बघून त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, "हिरवा." नर्सनं मान डोलावली होती. काकांनी तेवढ्यावर सगळं ठरवून टाकलं. चमचे-उश्या चुकतील, रंग नाही चुकणार. जन्म गेला त्यात.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि सुट्टीच्या दिवशी यायची. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली चित्रं ती आईपुढे धरायची. तिनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आई रंगही चुकते, आणि दर वेळी वेगळा चुकते. काका म्हणाले, चित्रं आणि दिवे यांत फरक आहे. मुलीनं जास्त ताणलं नाही. पण तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती, ती तिनं बोलून दाखवली. बाबांनी आता हे काम आवरावं आणि दोघांनी तिच्याकडे यावं. आईला त्या अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास दिव्यांपुढे बसवून काय मिळतंय?

काय मिळतंय ते काका सांगू शकत नव्हते. घरातल्या बाकी सगळ्या खुर्च्यांवर काकू आजारी बाई होत्या. कुणी पाणी आणून द्यायचं, कुणी पदर सावरायचा. त्या एका खुर्चीवर बसल्या की त्यांचा ताठा परत यायचा, कारण तिथं काकांना त्यांची गरज होती. ती खुर्ची काढली तर काकू उरल्या कुठं, हा काकांचा प्रश्न होता. खरं बोलायचं तर त्यांना स्वतःलाही थांबायचं होतं. सकाळी माळांचा गुंता दिसला की उलटं फिरून झोपावंसं वाटायचं. पण त्या खुर्चीसाठी ते रोज पडदे ओढत होते.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं यंदा पोपट सांगितला. त्याच्या पाटीवर पोपट आहे, पिशव्यांवर पोपट आहे, आता बेकरीच्या छपरावर माणसापेक्षा उंच पोपट हवा होता, अंग हिरवं, चोच लाल, पंख हलते. काकांनी प्लॅस्टिकच्या पत्र्यावर आकृती काढली, भोकं पाडली, आणि एकेक दिवा अंगठ्यानं दाबून बसवला. अंगठ्याची साल निघाली. दिवे नव्या कारखान्याचे होते, त्यामुळे रंगांचा क्रम बघणं आलंच.

पडदे ओढून काकांनी लाल पाठवला. काकू बघत राहिल्या. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि थांबले.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

म्हणताना त्यांचा डावा हात टेबलावरच्या एका डब्याच्या झाकणावर आपटत होता. काकांना वाटलं, हाताला चाळा. माळ उलट्या क्रमाची आहे असं धरून त्यांनी लॅपटॉपवर क्रम बदलला आणि पुन्हा लाल पाठवला. काकूंनी बऱ्याच वेळानं "लाल" म्हटलं, पण काकांकडे न बघता. काकांनी डबीवर चिठ्ठी लावली आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. माझी तपासनीस अजून पक्की आहे, असं काहीतरी म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

पोपट छपरावर चढला. सुट्ट्या लागायच्या आधी एकदा लावून बघू म्हणून बेकरीवाल्यानं संध्याकाळी उजेड जरा सरल्यावर सगळ्यांना बोलावलं. गल्लीतली माणसं जमली. बेकरीवाल्याची म्हातारी आई आतून स्टूल आणून बसली. मुलगी आईला धरून घेऊन आली. काकांनी खटका दाबला आणि मागं सरकून उभे राहिले.

पोपट उजळला. पंख झकास हलत होते, एकही दिवा रुसला नव्हता. लोक हसायला लागले. काकांना बरं वाटलं. एवढ्या दिवसांच्या थकव्यानंतर माणसं हसतायत म्हटल्यावर तेही हसले, आणि शेजारच्याला पंखांची करामत समजावून सांगू लागले.

"अरे, याला ताप आलाय का?" स्टुलावरची म्हातारी म्हणाली. मागून कुणीतरी पोपट झाला, पोपट झाला असं ओरडलं, आणि हशा आणखी वाढला. आता असल्या वेळी ही संधी कोण सोडणार?

बेकरीवाला भला माणूस. तो काकांच्या जवळ येऊन हळूच विचारू लागला की हे मुद्दाम असं केलंय का, काही नवीन पद्धत आहे का. काकांना त्याचा रोख कळेना. त्यांनी वर बघितलं. पोपट त्यांना जसा दिसायला हवा तसाच दिसत होता. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. डाव्या हातानं त्यांनी काकांची बाही धरली होती आणि ओढत होत्या. तोंडातून शब्द येत होते, छत्री, मंगळवार, छत्री, आणि प्रत्येक शब्दाबरोबर डोळे भरत होते. तेव्हा काकांना उमगलं. छपरावर लालभडक अंगाचा आणि हिरव्या चोचीचा पोपट पंख हलवत होता, आणि ते रंग न कळणारा सगळ्या गल्लीत एकच माणूस होता.

मुलीनं दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, आईला विचारून लावलंत ना हे? मी सांगितलं होतं तुम्हाला."

तिनं दबक्या आवाजात विचारलं तरी जवळच्यांनी ऐकलं. काकूंनीही ऐकलं. त्यांनी काकांची बाही सोडली आणि मान खाली घातली. बेकरीवाल्याच्या आईनं च्‌ च्‌ केलं, बिचारीला अजून बरं वाटत नाही का, असं. सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. काका एवढंच म्हणाले असते की हो, तिच्याकडून चुकलं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. आजारी बाईला कोण दोष देणार?

"तिचा काही संबंध नाही," काका म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "मला लाल-हिरवं दिसत नाही. लहानपणापासून. आत्तापर्यंत जे काही बरोबर झालं ते हिनं सांगितलं म्हणून झालं. आज मी नीट बघितलं नाही तिच्याकडे, माझी चूक."

हसणं थांबलं. बेकरीवाला म्हणाला, राहू दे काका, असाही छान दिसतोय, पोरांना आवडेल. काकांनी मान हलवली. लॅपटॉप उघडला, क्रम बदलला, आणि मग बेकरीवाल्यालाच विचारलं, आता? तो हो म्हणाला. काम चुटकीसरशी झालं. ते गुपित जपण्यात मात्र काकांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

घरी आल्यावर आईला निजवून मुलगी काकांसमोर येऊन बसली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. लहानपणी ती नवीन फ्रॉक घालून पुढे यायची तेव्हा बाबा म्हणायचे, काय सुंदर लाल आहे. ते तिनं आता विचारलं.

"आईनं आधी सांगून ठेवलेलं असायचं," काका म्हणाले.

मुलीनं डोळे पुसले. मग तिचं नेहमीचं म्हणणं तिनं पुन्हा मांडलं. एकाला रंग दिसत नाहीत, दुसरीला सांगता येत नाहीत, काम व्हायचं कसं? तिचं चुकत नव्हतं. शिवाय काका इतके थकले होते की कुणी चला म्हटलं असतं तर चपला न घालता निघाले असते. त्यांनी होकार दिला. उरलेल्या माळा परत करतो म्हणाले. शेजारच्या खोलीत काकू जाग्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

मुलगी त्या रात्री तिथंच राहिली. सकाळी काका टेबल आवरायला बसले. माळा गुंडाळायच्या, डब्या भरायच्या. तेवढ्यात भिंत धरत, पाय ओढत काकू आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. काका म्हणाले, अगं, आता नको, संपलं ते. काकूंनी डाव्या हातानं पडद्याकडे बोट केलं. काका तसेच उभे राहिले. काकूंनी बोट खाली घेतलं नाही. शेवटी काकांनी पडदे ओढले.

मुलगीही आली. तिला आपल्या कालच्या बोलण्याचं वाईट वाटत होतं. फोनवर रंग ओळखून सांगणारं ॲप मिळतं म्हणाली, आणि लगेच उतरवूनही घेतलं. काकांनी एक माळ लावली, लाल पाठवला. फोन म्हणाला, पांढरा. हिरवा पाठवला. फोन म्हणाला, पांढरा. दिव्याची तिरीप थेट कॅमेऱ्यात गेली की त्याला सगळं जग पांढरंच. मुलीनं फोन तिरपा धरला, लांब धरला, पुढे कागद धरला. मग फोन राखाडी म्हणाला. तिनं वैतागून तो खिशात टाकला आणि चहा करायला गेली.

काकूंचा हात मात्र पुन्हा त्या डब्याच्या झाकणावर आपटू लागला होता. काकांनी या वेळी नीट बघितलं. त्या काहीतरी दाखवत होत्या, आणि पोपटाच्या वेळीही हेच दाखवत होत्या. काकांनी झाकण हातात घेतलं, फिरवून बघितलं. त्यांना ते झाकण मातकट दिसलं, जसं नेहमी दिसायचं. ते लाल होतं की हिरवं, कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"कळत नाही गं मला," काका म्हणाले. "हे कुठल्या रंगाचं, ते मला कुठं माहीत आहे?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. छत्रीच्या दिवशी बघितलं होतं तसं. मग टेबलाला रेटा देऊन उठल्या. काका धरायला गेले तर त्यांचा हात बाजूला केला. पाय घासल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथं मुलगी आईला काय हवंय ते विचारत होती, पाणी का, बिस्किट का, आणि काकू कशालाच हो म्हणत नव्हत्या. टोपली पालथी झाल्याचा आवाज आला. मग पाय घासत घासत परत.

त्यांनी ओच्यात आणलेल्या दोन वस्तू टेबलावर ठेवल्या. एक टोमॅटो आणि एक काकडी. ठेवून झाल्यावर खुर्चीत टेकल्या, जरा दम घेतला, आणि बटणाकडे बोट केलं.

काकांनी डोळे पुसले. नव्या माळेला लाल पाठवला. दिवे उजळले, मातकट, एका ओळीत. काकूंनी ओणवं होऊन निरखून बघितलं. मुलगी चहाचे कप घेऊन दारात येऊन थांबली होती.

काकूंनी टोमॅटो उचलला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. पूर्वीसारखा कणा ताठ केला.

"काकडी," त्या ठासून म्हणाल्या.

मुलीनं दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काकांनी टोमॅटोकडे बघितलं. डबीवर 'लाल' अशी चिठ्ठी लावली.

"बरोबर," ते म्हणाले, आणि पुढची माळ ओढली.